पी०१७१ आला? ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी ट्रिम वाचा

स्कॅनरवर पी०१७१, म्हणजे 'मिक्स्चर लीन' (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) हा कोड, दिसला की बऱ्याच गॅरेजांत पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "ऑक्सिजन सेन्सर गेलाय." सेन्सर बदलला जातो, कोड पुसला जातो, गाडी ताब्यात मिळते. आठ-दहा दिवसांनी नाशिकच्या गंगापूर रोडच्या सिग्नलला उभं असताना चेक इंजिनचा तोच पिवळा दिवा पुन्हा लागतो. याचं कारण साधं आहे. कुठला पार्ट खराब आहे हे त्या कोडने सांगितलेलंच नसतं. त्याचं म्हणणं एवढंच असतं की सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन जास्त उरतोय, त्यावर उपाय म्हणून ईसीएमने (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरने) पेट्रोल वाढवत नेलं आणि आता त्याची मर्यादा संपली. ऑक्सिजन जास्त का उरतोय हे आपल्याला शोधायचं असतं, आणि त्याची वाट गाडीच्याच आकड्यांतून निघते.

पुढचं सगळं एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ पेट्रोल गाड्यांसाठी आहे. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांचा भाग वेगळा दिला आहे.

एक गोष्ट आधी. दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश घरी नेता येते. तो लुकलुकत असेल तर मिसफायर होतोय आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन जळतंय. अशा वेळी गाडी बाजूला घ्या आणि टो करून न्या. कन्व्हर्टर हा या सगळ्या यंत्रणेतला सगळ्यात महाग पार्टांपैकी एक आहे.

कोड पुसायची घाई नको

ओबीडीचं, म्हणजे स्कॅनर जोडायचं, सॉकेट स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या खालच्या कडेला असतं. साधा ब्लूटूथ ओबीडी डोंगल आणि फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप एवढ्यावर निम्म्याहून जास्त तपास होतो. कोड दिसला की आधी 'फ्रीझ फ्रेम' उघडा आणि त्याचा स्क्रीनशॉट घ्या. कोड नोंदला गेला त्या क्षणाचं आरपीएम, वेग, इंजिनवरचा लोड, कूलंटचं तापमान आणि फ्युएल ट्रिम (ईसीएमने पेट्रोलमध्ये केलेली टक्क्यांतली दुरुस्ती) तिथे साठवलेलं असतं. कोड ७५० आरपीएमला, शून्य वेगाला आला असेल तर शोध एका दिशेने जातो. ९० च्या वेगाला, ८० टक्के लोडवर आला असेल तर अगदी उलट दिशेने. कोड पुसला किंवा बॅटरीची वायर काढली की ही माहिती जाते, शिवाय ईसीएमने शिकून ठेवलेलं ट्रिमही शून्यावर येतं. बॅटरी काढून दिवा घालवणं म्हणजे पुरावा पुसणं.

गाडी वॉरंटीत असेल तर हाच स्क्रीनशॉट सर्व्हिस सेंटरला दाखवा, जॉबकार्डवर कोडचा क्रमांक लिहून घ्या आणि स्वतः कुठलीही नळी किंवा वायर सोडू नका. गाडीच्या मॉडेलसाठी ईसीएमचं नवं सॉफ्टवेअर आलंय का, हेही तिथेच विचारा.

ट्रिम म्हणजे काय आणि ते कसं वाचायचं

शुद्ध पेट्रोलच्या १ किलोला पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. ईसीएम आत येणारी हवा मोजतो आणि त्या हिशेबाने इंजेक्टर उघडा ठेवतो. पुढचा, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीचा, ऑक्सिजन सेन्सर निकाल सांगतो. निकाल लीन आला तर ईसीएम पेट्रोल वाढवतो, रिच (पेट्रोल जास्त) आला तर कमी करतो. क्षणाक्षणाची दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म ट्रिम. तीच दुरुस्ती टिकून राहिली की ती लाँग टर्म ट्रिममध्ये उतरते. दोन्हींची बेरीज बघायची, एकट्या आकड्यावर जायचं नाही. शॉर्ट +३ आणि लाँग +१९ म्हणजे ईसीएम हिशेबापेक्षा २२ टक्के जास्त पेट्रोल ओततोय. निरोगी गाडीत ही बेरीज उणे ५ ते अधिक ५ च्या आसपास राहते, १० पर्यंत चालवून घेता येतं. कोड येण्याची मर्यादा कंपनीगणिक बदलते, पण बहुतेकांची २० ते २५ टक्क्यांच्या आसपास असते.

इंजिन पूर्ण गरम करा, एसी बंद ठेवा आणि तीन ठिकाणी बेरीज लिहून काढा: आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता), उभ्या गाडीत २५०० आरपीएम धरून, आणि चढावर किंवा हायवेवर खरा लोड असताना. तिसऱ्यासाठी फोन शेजारी बसलेल्याच्या हातात द्या. नाशिककरांना मुंबई-आग्रा महामार्ग हाताशी आहे, आणि मुंबईहून परतताना कसारा घाटाचा चढ ही गाडीतल्या फ्युएल पंपाची उत्तम परीक्षा असते. घाटात चालकाने स्क्रीनकडे बघायचं नाही.

समजा कागदावर असं उतरलं: आयडल +२१, २५०० ला +६, चढावर +३. हवा कुठूनतरी चोरून आत येतेय. आयडलला थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतं, इंजिन थोडीच हवा घेतं, त्यामुळे छोट्या भोकातून येणारी हवाही टक्केवारीत मोठी ठरते. आरपीएम वाढलं की तीच हवा एकूण हवेत विरून जाते. आता उलटं बघा: आयडल +२, २५०० ला +८, चढावर +२३. इथे हवेची गळती शोधण्यात दिवस घालवू नका. पेट्रोल पुरत नाहीये, किंवा मोठा प्रवाह मोजताना एअर फ्लो सेन्सर कमी सांगतोय. आणि तिन्ही ठिकाणी सारखंच +१८ असेल तर पेट्रोलचं प्रेशर, इंजेक्टर, हवेचा सेन्सर, खुद्द पेट्रोल किंवा ऑक्सिजन सेन्सरचं चुकीचं रीडिंग, यांपैकी काहीतरी आहे.

मॅफ की मॅप, हे माहीत नसेल तर तपास भरकटतो

गळती म्हणजे लीन, हे वाक्य सगळीकडे सांगितलं जातं. ते खरं आहे, पण मॅफच्या गाड्यांपुरतं. एअर फिल्टरच्या डब्यानंतरच्या पाइपात तारेचा सेन्सर, म्हणजे मास एअर फ्लो (मॅफ) सेन्सर असेल, तर त्याच्या पुढून शिरलेली हवा मोजलीच जात नाही आणि मिक्स्चर लीन होतं. आपल्याकडच्या कितीतरी लहान गाड्यांत मात्र मॅफ नसून मॅप सेन्सर असतो. तो इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजतो. गळतीतून आलेल्या हवेने दाब वाढतो, मॅप तो दाब सांगतो आणि ईसीएम त्या हवेलाही पेट्रोल देतो. म्हणून अशा गाडीत गळती झाली तर बहुधा आयडल चढतं किंवा वरखाली होतं, ट्रिम फारसं हलत नाही. मॅपच्या गाडीत पी०१७१ आला आणि आयडल शांत असेल, तर गळतीचा शोध पुढे ढकला. पेट्रोलचं प्रेशर, एक्झॉस्टची गळती आणि सेन्सर आधी तपासा.

मॅप सेन्सरची एक बिनखर्चाची चाचणी आहे. इग्निशन ऑन करा, इंजिन सुरू करू नका आणि ॲपवर मॅनिफोल्ड प्रेशर बघा. इंजिन बंद असल्याने तिथे बाहेरच्या हवेचाच दाब दिसला पाहिजे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, म्हणून इथे आकडा साधारण ९४-९५ किलोपास्कल येतो. मुंबईत तोच १०० च्या वर दिसेल. इंटरनेटवर वाचून "१०१ यायला हवा होता" म्हणत चांगला सेन्सर बदलू नका. फोनवरच्या हवामान ॲपशीही ताडून बघू नका, कारण तिथला १०१० च्या आसपासचा आकडा समुद्रसपाटीच्या हिशेबात आणलेला असतो. आकडा ८७-८८ दिसला तर सेन्सर हवा सुमारे ७ टक्के कमी सांगतोय, आणि पेट्रोलही तेवढंच कमी जातंय. इंजिन गरम होऊन आयडलला आलं की हाच आकडा साधारण २८ ते ४० च्या दरम्यान उतरतो.

मॅफची गाडी असेल तर १.२ लिटरच्या गरम इंजिनाला आयडलवर साधारण १.५ ते २.५ ग्रॅम प्रति सेकंद हवा दिसते. मळलेला मॅफ आयडलला बऱ्यापैकी बरोबर सांगतो आणि लोडवर कमी सांगतो, म्हणून वरच्या दुसऱ्या उदाहरणासारखे, लोडवर चढत जाणारे आकडे उमटतात. रस्ते खोदलेले असले की इथल्या धुळीत फिल्टर लवकर भरतो. त्यात फिल्टरचा डबा नीट न बसवता क्लिप सुटी राहिली, तर न गाळलेली धूळ थेट त्या तारेवर बसते. तेल लावलेला कापडी फिल्टर बसवला असेल तर ते तेलही तिथेच जातं. साफ करायला मॅफसाठीच मिळणारा क्लीनर वापरा, कार्ब्युरेटर क्लीनर नाही. इंजिन थंड, इग्निशन बंद. कनेक्टर काढा, दोन स्क्रू सोडा, सेन्सर बाहेर घेऊन तारेवर १०-१५ छोटे फवारे मारा. बोट, कापड, कॉम्प्रेसरची हवा यांतलं काहीही लावायचं नाही. १५ मिनिटं वाळू द्या, ओ-रिंग जागेवर आहे ना बघा आणि परत बसवा.

हवेची गळती कुठे असते

सगळ्यात आधी मॅफ ते थ्रॉटल बॉडीमधला रबरी पाइप. नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल आणि लगेच कोड आला असेल, तर याच्या क्लॅम्पवर पहिला संशय घ्या. पाइपाच्या घड्या हाताने ताणून बघा. वरून चांगला दिसणारा पाइप घडीच्या तळाशी चिरलेला असतो.

मग बारीक नळ्या. पीसीव्हीची (इंजिनाच्या आतली वाफ परत इनटेकमध्ये नेणारी) नळी, ब्रेक बूस्टरची जाड नळी आणि पर्ज व्हॉल्व्हची नळी. उंदरांचा त्रास इथे खरा आहे. शेताच्या, द्राक्षबागेच्या किंवा रिकाम्या प्लॉटच्या कडेला उभ्या राहणाऱ्या गाड्यांत ते थंडीत गरम इंजिनाजवळ येऊन बसतात आणि नळी कुरतडतात. टॉर्च घेऊन नळ्यांच्या खालच्या बाजूने बघा, दातांच्या खुणा वरून दिसत नाहीत. ब्रेकसाठी सोपी खूण: इंजिन आयडलला असताना ब्रेक दाबून धरला आणि आयडल बदललं किंवा फुसफुस ऐकू आली, तर बूस्टर किंवा त्याची नळी तपासा. पीसीव्हीचा पडदा फाटला की व्हॉल्व्ह कव्हरपाशी शिट्टीसारखा आवाज येतो आणि ऑइलचं झाकण उचलताना ते आतून ओढल्यासारखं लागतं.

पर्ज व्हॉल्व्हकडे फार कमी जण बघतात, म्हणून तो जरा सविस्तर. पेट्रोलच्या टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात साठते आणि हा व्हॉल्व्ह ती अधूनमधून इंजिनात सोडतो. वीज नसताना तो घट्ट बंद असतो. इंजिन आयडलला असताना त्याचा कनेक्टर काढा, डब्याकडून येणारी नळी व्हॉल्व्हवरून उपसा आणि व्हॉल्व्हच्या त्या तोंडावर बोट धरा. ओढ लागली तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. टाकी फुल केल्यावर गाडी चालू व्हायला त्रास देत असेल, तर हा संशय आणखी पक्का होतो. चाचणी झाल्यावर कनेक्टर काढल्यामुळे नवा कोड आला तर घाबरू नका, तो नंतर पुसता येतो.

गॅस्केट आणि इंजेक्टरच्या ओ-रिंगची गळती डोळ्यांना दिसत नाही. घरी करायची तर पाण्याचा बारीक फवारा वापरा. इंजेक्टरच्या बुडाशी आणि मॅनिफोल्ड जिथे हेडला टेकतो तिथे थोडं थोडं पाणी मारा, कॉइल आणि कनेक्टरपासून दूर राहून. पाण्याने क्षणभर फट बुजली की आयडलचा सूर बदलतो. कार्ब क्लीनर मारून शॉर्ट टर्म ट्रिम खाली येतं का बघायची पद्धतही सगळे वापरतात आणि ती अचूक आहे, पण बीएस ६ गाड्यांत कन्व्हर्टर इंजिनाला चिकटून, प्रचंड तापलेला असतो. त्यावर ज्वलनशील फवारा गेला तर भडका उडतो. अग्निशामक हाताशी नसेल तर करू नका. एलपीजीची नळी लावून तर कधीच नाही. पैसे खर्च करायचे तर स्मोक टेस्टवर करा. मशीन इनटेकमध्ये १ पीएसआयपेक्षाही कमी दाबाने धूर भरतं आणि फट असेल तिथून धुराचा धागा वर येतो. अंबड-सातपूरकडच्या गॅरेजांत फोन करून "स्मोक मशीन आहे का" एवढंच विचारा. अंदाजाने एक गॅस्केट बदलण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

टर्बो गाडीत एवढं लक्षात ठेवा: मॅफ आणि टर्बोच्या मधल्या पाइपात फट असेल तर लीन. टर्बोच्या पुढच्या पाइपात असेल तर बूस्टला (टर्बो दाब देत असताना) मोजलेली हवा बाहेर जाते, मिक्स्चर रिच होतं आणि ओढ कमी वाटते.

पेट्रोल पुरतंय का

ट्रिम लोडवर चढत असेल तर प्रेशर मोजल्याशिवाय कुठलाही निर्णय घेऊ नका. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या गाड्यांत रेलचं (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचं) प्रेशर साधारण ३ ते ४ बार असतं, नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. गेज लावण्याआधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा, तोंडावर कापड धरून क्लिपचा जोड सोडा. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत हाय प्रेशर बाजू कधीही उघडू नका. तिथे शेकड्यांत बार असतात आणि बारीक धार कातडी भेदून आत जाते.

आयडलला प्रेशर बरोबर आणि लोडवर घसरतंय, तर पंप थकलाय किंवा टाकीतली जाळी तुंबलीय. नव्या गाड्यांत बहुधा फिल्टर पंपाच्याच युनिटमध्ये असतो, म्हणून "फिल्टर बदलून बघू" हा पर्याय नसतो. पण अख्खं युनिट मागवण्याआधी पंप चालू ठेवून त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १४ आणि पंपावर १२ च्या खाली असेल तर दोष वायरिंगचा. अर्थिंगच्या बाजूला ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर अर्थ पॉइंट घासून साफ करा. पंपाचा वेग स्वतंत्र मॉड्यूलने कमी-जास्त होणाऱ्या गाड्यांत ही मोजणी अशी लागू पडत नाही.

इथे ई२० चा विषय येतोच. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला १ किलोमागे साधारण १३.५ किलो हवा पुरते. ई१० चा आकडा १४.१ च्या आसपास आहे. म्हणजे ई१० साठी जुळवलेल्या गाडीत ई२० भरलं तर ट्रिम ढोबळ मानाने ४-५ टक्क्यांनी वर जाईल. +२२ चा खुलासा एवढ्याने होत नाही. ई२० मुळे आधीच +१५ असलेली गाडी +२० ओलांडते आणि लपलेला दोष उघड होतो, एवढं मात्र खरं.

पेट्रोलचाच संशय असेल तर प्रेशर मोजताना लाइन उघडलेली असतेच, तेव्हा ५० मिलिलिटर नमुना काचेच्या बाटलीत घ्या. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि प्रमाण वाढलं की दोघं मिळून खाली बसतात. थर नसेल तर १०० मिलिलिटरच्या मोजपात्रात ते ५० पेट्रोल आणि ५० पाणी घ्या, झाकून चांगलं हलवा, १० मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं, पेट्रोल वर राहतं. खालचा थर ५० वरून ६० च्या आसपास गेला तर इथेनॉल २० टक्के. ६५-६८ ला पोचला तर काहीतरी गडबड आहे. हे मोकळ्या हवेत, कुठलीही ज्योत जवळ नसताना करा आणि नमुना परत टाकीत ओतू नका. पेट्रोल पंपावर घनता आणि फिल्टर पेपरची चाचणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे, तो वापरा.

खोटं लीन

काही वेळा मिक्स्चर बरोबर असतं आणि सेन्सरलाच जादा ऑक्सिजन दिसतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटला सेन्सरच्या आधी फट असेल तर धुराच्या ठोक्यांमधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते. थंड इंजिन सुरू करताना टिक-टिक आवाज येतो आणि गरम झाल्यावर जातो, आणि जोडापाशी काजळीचा काळा पट्टा असतो. निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीत पहाटे हा आवाज सगळ्यात स्पष्ट ऐकू येतो. मिसफायरचंही तसंच आहे: न जळलेल्या सिलिंडरचा सगळा ऑक्सिजन सेन्सरपर्यंत जातो. पी०३०१ ते पी०३०४ (मिसफायरचे कोड) सोबत असतील तर आधी प्लग आणि कॉइल बघा.

सेन्सरवर संशय घ्यायची पाळी आता येते. आयडलला एअर फिल्टरच्या पाइपातून कार्ब क्लीनरची अगदी छोटी फुंकर द्या. जुन्या पद्धतीचा सेन्सर ०.८ व्होल्टच्या वर उडी मारेल. वाइडबँड (नव्या पद्धतीचा) असेल तर ॲपवर लॅम्डा (१ म्हणजे अचूक मिक्स्चर) १ च्या खाली जाईल. तसं झालं आणि ट्रिम पटकन उतरलं, तर सेन्सर खरं बोलतोय. भरपूर पेट्रोल देऊनही तो ०.२ वर चिकटून राहिला, तरच बदला.

सीएनजीच्या गाड्या

इथे तुमच्याकडे एक जादाची चाचणी आहे. पेट्रोलवर १५-२० किलोमीटर चालवून ट्रिम लिहा, मग गॅसवर. दोन्हीकडे लीन असेल तर दोष हवेच्या, एक्झॉस्टच्या किंवा सेन्सरच्या बाजूला, कारण तेवढंच दोघांत सामाईक आहे. फक्त पेट्रोलवर लीन असेल तर पंप, प्रेशर, इंजेक्टर. बरीच वर्षं गॅसवरच फिरणाऱ्या गाडीत टाकीच्या तळाला थोडंसं जुनं पेट्रोल असतं, आणि टाकी रिकामी ठेवल्याने पंपही तापतो. फक्त गॅसवर लीन असेल तर गॅस फिल्टर, रेग्युलेटर किंवा बाहेरून बसवलेल्या किटचं मॅपिंग. सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाब असतो, तिथे अधिकृत किटवाल्याशिवाय पाना लावायचा नाही.

दुरुस्तीनंतर

आता कोड पुसा, म्हणजे ट्रिम शून्यापासून शिकायला लागेल. हा कोड बहुतेक गाड्यांत सलग दोन फेऱ्यांत दोष दिसल्यावर दिवा लावतो, म्हणून पहिल्या दिवशी दिवा नाही याला काही अर्थ नाही. रात्रभर थंड झालेली गाडी सुरू करा, २-३ मिनिटं आयडल, मग पाथर्डी फाट्यावरून महामार्गाला लागून १५-२० मिनिटं ७०-८० चा स्थिर वेग, मध्ये दोन-तीनदा ब्रेक न लावता गिअरमध्येच वेग उतरू द्या, परत शहरात. आधीच्या कागदावर त्याच तीन ठिकाणचे आकडे शेजारी लिहा. +२१ चं +४ झालं तर काम झालं. +१४ वर थांबलं असेल तर दिवा लागला नाही तरी दुसरा दोष बाकी आहे, तपास तिथून पुढे चालू करा. तीनशे किलोमीटरनंतर एकदा परत बघा, कारण लाँग टर्म ट्रिमला खरं मुरायला तेवढा वेळ लागतो.